थाप थांबली की सूर लागला

६ जानेवारी, सोमवार

तारीख माझ्या नातीने, समीक्षाने घातलीन, वार मी सांगितला. मला अक्षर येत नाही, पण सोमवार बरोबर कळतो. त्या दिवशी आमच्याकडे मासळी नसते आणि घरात सगळ्यांची तोंडं उतरलेली असतात.

आज तीन माणसं आली. रत्नागिरीतलं जुनं गाणंबजावणं गोळा करायला कुठलीशी समिती झालीय, तिची. त्यांतला मुख्य ओमकार सर, कॉलेजात शिकवतो. दर दोन वाक्यांमागे 'वारसा' म्हणतो. देवळातले सनई-चौघडेवाले, नमनातले मृदंगवाले, बोटीने आलेल्या नाटककंपनीचा पेटीवाला आजारी पडला की साथीला बसणारे इथले कारकून, भजनीबुवा, लग्नातले बँडवाले, असे सगळे त्याने यादीत मांडलेत. मेल्यावर माणसांना बरे दिवस येतात. पुढच्या महिन्यात प्रदर्शन आहे, त्यात आमच्या ह्यांचा फोटो आणि ह्यांची शेवटची पेटी ठेवणार.

ह्यांचं नाव वहीत पाहिजे म्हणून समीक्षा हटून बसली. मी म्हटलं, साठ वर्षांत घेतलं नाही, आता तुझ्या वहीसाठी घेऊ? तिने आपणच लिहिलंन, लवू गुरव. वाचून दाखवलंन तेव्हा मी पदर तोंडाला लावला.

पेट्या दुरुस्त करणं हा ह्यांचा धंदा. सूर बसलेली पेटी लवूअण्णांकडे न्यायची आणि गोड करून आणायची, असं लांज्यापासून आंजर्ल्यापर्यंत सगळे म्हणत. माझा मुलगा हरिश्चंद्र एसटीच्या ऑफिसातून निवृत्त झाला तरी अजून वडिलांच्या कानावरच जगतो. आजही सरांना सांगत होता, "बाबा एसटीचा भोंगा ऐकून पट्टी सांगायचे. काळी दोन म्हणजे काळी दोन!" सरांनी ते लगेच लिहून घेतलं.

जाताना सर एक कोरी वही देऊन गेले. अण्णांच्या आठवणी लिहून ठेवा म्हणाले. त्यात मी 'आमचे हे फार शांत स्वभावाचे होते' असं सांगणार आहे. ही वही वेगळी. ही माझी.

८ जानेवारी, बुधवार

पेटी गेली. कपाटावरून उतरवली तेव्हा मालन, माझी सून, ओलं फडकं घेऊन आली. मी ओरडले, "ओलं नको गो, आतल्या पितळी सुरांना ओल धरेल."

"आई, तुम्हाला पेटीतलं काय कळतं?" मालन हसली. मनाची वाईट नाही ती.

"काय कळणार बाय. मी आपल्या भाकऱ्या थापल्या."

पेटी रिक्षात बसून गेली. मग समीक्षाला दार ओढून घ्यायला लावलं, देवाची शपथ घातली, आणि आता सांगते ते लिही म्हटलं.

हरिश्चंद्र अकरा वर्षांचा असताना ह्यांना छातीचं दुखणं झालं. नव्वद सुया टोचल्या. छाती बरी झाली, कान गेले. एकदम नाही गेले. आधी पाखरं गेली, मग माझ्या बांगड्या. समोर तोंडाकडे बघून बोललं की कळायचं. खर्जाचा सूर बोटाला थरथर लागून कळायचा. पण वरच्या सप्तकात पेटी वाजतेय की नुसता भाता हलतोय, हे कळेना. पेटी लावणारा बहिरा झाला हे बाहेर फुटलं असतं, तर एक भजनीबुवा आमची पायरी चढला नसता. आणि ह्यांना दुसरं काही येत नव्हतं. माडावरसुद्धा चढता येत नव्हतं.

माझे वडील लांज्याकडच्या गावात देवळात सनई वाजवायचे. मुलींनी सनईला तोंड लावायचं नसे. कान लावायला कोणी मनाई केली नव्हती, कारण ते कोणाला सुचलंच नव्हतं.

बाहेरच्या खोलीत हे कामाला बसत, मधल्या फळीच्या भिंतीला पाठ टेकून. फळीच्या अलीकडे माझी चूल. एक दिवस हे एकाच सुराची पितळी जीभ घासतायत, वाजवतायत, पुन्हा घासतायत, आणि सूर आपला खालीच. मला सहन होईना. मी भाकरी थापत होते, फळीला टेकवलेल्या काठवटीवर रागाने एक थाप मारली. फळी हलली, ती ह्यांच्या पाठीला कळली. हे थांबले. मग थोडं घासून पुन्हा वाजवलं. आता सूर जास्तच वर गेला होता. मी दोन थापा मारल्या.

तेव्हापासून तसंच. एक थाप म्हणजे सूर खाली आहे, वर घे. दोन म्हणजे वर गेलाय, खाली आण. थाप थांबली की सूर लागला. हे आमच्यात कधी बोलून ठरलं नाही. आमच्यात बोलून काहीच ठरायचं नाही.

गिऱ्हाइकं विचारायची, "वहिनी, किती भाकऱ्या थापता? अण्णा तर काडीसारखे." मी म्हणायची, पाहुणे आलेत. बावीस वर्षं आमच्याकडे पाहुणे होते.

समीक्षा म्हणते, "आजी, म्हणजे सगळ्या पेट्या तू लावल्यास!"

मी कशाला? हात त्यांचे. मी नुसती नाही, नाही करायची. बायकोच ती.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत झाली. तिळगूळ खाऊन सगळ्यांनी गोड बोलायचं ठरवलं आणि आज ओमकार सरांचा फोन आला.

प्रदर्शनासाठी पेटी उघडून साफ केली, तर आत लाकडावर शिसपेन्सिलीने नाव लिहिलेलं सापडलं. तुळसा. सरांना वाटलं पेटीच्या मालकिणीचं असेल. म्हणून त्यांनी आंजर्ल्याच्या आणि लांज्याच्या मंडळांच्या पेट्या उघडून बघायला लावल्या. त्यांतही तुळसा. फक्त एका अगदी जुन्या पेटीत लवू असं लिहिलेलं आहे. बाकी सगळीकडे ही बाई.

हरिश्चंद्राने फोन मोठा करून ठेवला होता, म्हणून सगळ्यांनी ऐकलं.

"आई, तुळसा कोण?" मालनने विचारलं.

माझ्या तोंडात तिळाचा लाडू होता. तो देवानेच ठेवला असणार.

आता ह्या वहीत सांगते. तुळसा मी.

माहेरी मी तुळसा होते. पंधराव्या वर्षी लग्न झालं, तेव्हा ताटात तांदूळ पसरले आणि ह्यांनी अंगठीने त्यात माझं नवीन नाव लिहिलं. सगळे म्हणाले सावित्री, म्हणून मी सावित्री. मला वाचता येत नव्हतं, ह्यांनी तांदळात बांगडा काढला असता तरी मी हो म्हटलं असतं. त्या दिवसापासून रेशनकार्डावर सावित्री, आधारकार्डावर सावित्री. हे तर मला नुसतं 'गो' म्हणायचे. तुळसा म्हणणारी सगळी माणसं गेली. पोराला आईचं माहेरचं नाव माहीत असायचं काही कारण नव्हतं, कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

समीक्षाच्या हातून पेन पडलं. मग रडायला लागली. मी म्हटलं, रडतेस काय, पुढचं लिही.

पेटीत नाव का लिहिलं ते मला पक्कं माहीत आहे. ह्यांनी स्वतःच्या कानाने लावली त्या पेटीत लवू. माझ्या थापांवर लावली त्या पेटीत तुळसा. उद्या पेटी बिघडून परत आली तर चूक कोणाची ते कळावं. फार हिशेबी माणूस. आणि सावित्री लिहिलं असतं तर कोणीतरी ओळखलं असतं, म्हणून माहेरचं. समीक्षा म्हणते, आजी, तसं नसेल. तिला काय कळतंय, तिचं लग्न व्हायचंय अजून.

१९ जानेवारी, रविवार

पेपरात आलं. समीक्षाने दोनदा वाचून दाखवलंन, कारण पहिल्यांदा मला हसूच आवरेना.

तुळसाबाई ही म्हणे एका नाटककंपनीतली गुणी गायिका. बोटीने मांडवीच्या धक्क्यावर उतरली, कंपनी पुढे गेली आणि ही इथेच राहिली. लवूअण्णांची तिच्या गळ्यावर भक्ती. प्रत्येक पेटी तिच्या आवाजाला साक्षी ठेवून लावायचे. शहराने विसरलेली आद्य गायिका, असं ओमकार सरांनी लिहिलंय.

खाली मांडवीच्या एका म्हाताऱ्यांची मुलाखत आहे. वय अठ्ठ्याऐंशी. त्यांनी तुळसाबाईंना ऐकलेलं आहे. उंच, गोऱ्यापान, नाकात मोठी नथ, तान घेतली की समईची ज्योत हलायची.

मी गॅसच्या सिलिंडरएवढी आहे. आणि माझ्या तानेने मांजरसुद्धा हललेलं नाही.

"आजी, सांगून टाकूया," समीक्षा म्हणाली.

"काय सांगणार? मग विचारतील, आजोबांनी तुझं नाव का लिहिलं. मग?"

तिने पेपराची घडी घातलीन. हुशार आहे.

दुपारी मालन भजनातून आली. तिथे सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या. एकीने तर विचारलंन, "गो मालन, तुझ्या सासऱ्यांची ती कुठे राहायची गो? झाडगावात की खालच्या आळीत?"

२३ जानेवारी, गुरुवार

गुरुवारी हरिश्चंद्र वडिलांच्या फोटोला हार घालतो. अठ्ठावीस वर्षांत चुकला नाही. चिकनगुन्या झाला होता तेव्हासुद्धा भिंत धरून गेला. आज हार आणला आणि फ्रीजवर ठेवला.

मग माझ्याजवळ येऊन बसला. मी लसूण सोलत होते.

"आई, तुला माहीत होतं?"

"काय?"

"ती बाई."

"होतं की."

"कधीपासून?"

"लहानपणापासून."

"घरी यायची?"

"यायची काय, जेवायलाच असायची."

माझी जीभ अशीच आहे. समोर माणूस गंभीर झाला की तिला खाज सुटते. पण हरिश्चंद्राचं तोंड बघितलं आणि लसणाची पाकळी माझ्या हातातच राहिली. एकसष्ट वर्षांचा माणूस, डोळ्यांत पाणी.

"तू जेवायला वाढायचीस तिला?" म्हणाला, आणि उठून गेला.

आता काय करू? माझ्यासमोर दोनच गोष्टी आहेत. बाई राहू दिली तर मुलाच्या लेखी बाप बदफैली. बाई काढली तर बाप बहिरा. बहिरा कळला तर काय मोठं बिघडलं, असं समीक्षा म्हणते. धंदा बंद झाला, माणूस गेला, आता कोणाचं काय जाणार?

तिला पुढचं सांगितलेलं नाही. आज सांगते.

हरिश्चंद्र बारा वर्षांचा होता तेव्हा पेटी शिकायला बसला. फार हौस. ह्यांनी त्याला समोर बसवलं, आपण फळीला पाठ लावून बसले, आणि हा वाजवायला लागला. मी आत. त्याचं बोट जाईल तिथे चुकीचं. मी थापा मारत सुटले. एक, दोन, एक, एक, दोन. महिनाभर. थाप थांबायची संधीच पोराने दिली नाही. मग एक दिवस ह्यांनी पेटी बंद केली आणि म्हणाले, "बाबू, तुला कान नाही रे. अभ्यास कर."

बाबांच्या कानाने सांगितलं म्हणून त्याने ऐकलं. पुन्हा कधी पेटीला हात लावला नाही. अजून कोणी गायला लागलं की म्हणतो, मला काही कळत नाही हो, बाबांनीच सांगितलंय.

बाबांना एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. सांगितलं ते मी. भाकरीच्या पिठात हात घालून.

२८ जानेवारी, मंगळवार

समितीच्या वहीत आज सांगितलं की आमचे हे फार शांत स्वभावाचे होते. समीक्षाने लिहून घेतलंन आणि माझ्याकडे बघितलंन.

फोटोला हार नाही. फ्रीजवरचा सुकला, तो मालनने माडाच्या आळ्यात टाकलान.

प्रदर्शनाला जायचं नाही असं हरिश्चंद्र म्हणतो. मी म्हटलं, मी जाणार. बाईचा मान होतोय, बायकोने नको जायला?

८ फेब्रुवारी, शनिवार

आज प्रदर्शन झालं.

हरिश्चंद्र शेवटी आला. म्हातारी आई रिक्षाने एकटी जाईल तर लोक काय म्हणतील म्हणून आला. लोक काय म्हणतील यावर आमचं अर्धं कुटुंब चालतं.

हॉलमध्ये भिंतीभर फोटो. सनईवाले, मृदंगवाले, पगड्या, मिशा. माझ्या वडिलांचा फोटो नव्हता, तो कधी काढलाच नाही. मधोमध ह्यांचा फोटो आणि त्याच्या बाजूला मोठी रिकामी चौकट. खाली लिहिलं होतं, तुळसाबाई, छायाचित्र उपलब्ध नाही. मी त्या चौकटीसमोर जरा उभी राहिले. काचेत माझं तोंड दिसत होतं. साडी बरी होती.

मला पुढच्या रांगेत बसवलं. ओमकार सर पाऊण तास तुळसाबाईंवर बोलले. समीक्षा माझ्या हाताला चिमटे काढत होती. मग एका नितेश नावाच्या वादकाने ह्यांची पेटी वाजवायला घेतली. मुंबईचा, पण मूळ इथलाच. हात चांगला. पेटी माझ्यासमोर बोलायला लागली आणि मला एकदम आमची बाहेरची खोली दिसली, हे फळीला टेकलेले, मांडीवर पितळी सुरांची रांग.

पण मधल्या सप्तकातली तिसरी काळी घोगरी झाली होती. खाली बसली होती. नितेशला ते कळलं होतं, तो तिला बोट लावायचं टाळत होता, बाजूने जात होता. बाकी हॉल डोळे मिटून बसलेला. मांडवीचे ते म्हातारे मान हलवत होते.

चहाला सुटले तेव्हा मी स्टेजवर गेले.

"ती काळी तू चुकवत होतास रे."

नितेश चमकला. "आजी, तुम्हाला कळलं?"

"पेटी उघड."

तो इकडेतिकडे बघायला लागला. मी म्हटलं, माझ्या नवऱ्याची पेटी आहे, तुझ्या समितीची नाही. त्याने मळसूत्रं काढली, पट्ट्यांचा भाग उचलला. आत पितळी जिभांची रांग, आणि बाजूच्या लाकडावर पेन्सिलीची रेघोटी.

"हेच ते तुळसाबाईंचं नाव," नितेश म्हणाला.

मी पहिल्यांदाच बघितलं. एवढंसंच आहे. बोट फिरवलं तर लागतसुद्धा नाही. रेघ अजिबात हललेली नव्हती, घाईत लिहिलेली नव्हती. चूक टिपून ठेवणारा माणूस इतकं सावकाश का लिहील, कोणास ठाऊक.

समीक्षाच्या पर्समध्ये नखं घासायची कानस होती. नितेशने जिभेखाली कागद सरकवला. त्याला म्हटलं, टोकाला घास, हलकेच, बुडाशी नको. त्याने घासलं, वाजवलं. अजून खाली. माझा हात आपोआप टेबलावर पडला. एक थाप.

त्याने पुन्हा घासलं. जास्त झालं. दोन थापा. मग बुडाशी जरासं. एक थाप. पुन्हा. मग मी हात थांबवला. नितेशने सूर धरून ठेवला आणि म्हणाला, "बाप रे."

मी वळले. खाली हरिश्चंद्र उभा होता, हातात चहाचा कप. माझ्या हाताकडे बघत होता. त्याचं सगळं लहानपण त्या आवाजात गेलंय. शाळेतून आला की तो आवाज, गृहपाठाला बसला की तो आवाज. बशीत चहा सांडत होता, त्याला पत्ता नव्हता.

ओमकार सर धावत आले. "वा! आजींनी पेटीला हात लावला. अण्णांच्या सहवासाने त्यांनाही थोडंफार कळायला लागलं असणार." मग फोटो काढला, मला शाल घातली आणि नारळ दिला. नारळ सुका निघाला.



९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी फोटोला हार होता. रविवारी. वार चुकला असेल म्हणून मी समीक्षाला विचारलं. रविवारच होता.

मी अंगणात तांदूळ निवडत होते. हरिश्चंद्र समोर येऊन बसला.

"आई, बाबांना कधीपासून ऐकू येत नव्हतं?"

"सुया टोचल्या तेव्हापासून."

"आणि थापा तू मारायचीस."

"भाकऱ्याही करायची. त्या तूच खाल्ल्यास."

तो हसला नाही. "तुळसा?"

मग सांगितलं. तांदळातलं नाव, माहेरचं नाव, पेटीतलं नाव, सगळं. तो ऐकत होता. बराच वेळ माझ्या सुपातले तांदूळ उगीच इकडचे तिकडे करत राहिला.

"म्हणजे बाबांना लोकांनी ज्याच्यासाठी नावाजलं, ते सगळं..." म्हणाला आणि थांबला.

मला वाटलं, आता येणार. आता विचारणार. बाबू, तुला कान नाही रे, हे कोण म्हणालं. मी सूप खाली ठेवलं.

"मी शिकायला बसलो होतो," तो म्हणाला. "महिनाभर आत थापा चालू होत्या. मला वाटायचं, आईला काय आज एवढा राग आलाय."

"रागच होता. फार वाईट वाजवायचास."

"पण मला बाबा म्हणाले, कान नाही."

"त्यांना काय ऐकू येत होतं! मी म्हणाले ते."

हे मला निदान हळू आवाजात सांगायला हवं होतं. पन्नास वर्षं पोटात ठेवलं आणि सांगितलं ते भाजीचा भाव सांगितल्यासारखं. हरिश्चंद्र उठला, चप्पल घातली आणि बाहेर पडला. मी सुपाकडे बघत बसले. निवडलेले कुठले आणि न निवडलेले कुठले, सगळं एक झालं होतं.

दुपारी तो जेवायला आला. बांगड्याचं तिखलं होतं. दोनदा वाढून घेतलंन. म्हणजे फार रागावला नसावा, किंवा तिखलं चांगलं झालं असावं. मी विचारलं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

हरिश्चंद्राने ओमकार सरांना फोन केला आणि सरळ सांगितलं, "तुळसा म्हणजे माझी आई. पेट्या तिच्या कानाने लावलेल्या आहेत."

पलीकडून सर म्हणाले, "तुमची भावना मी समजू शकतो. एका अर्थाने तुळसाबाई आपल्या सगळ्या शहराचीच आई आहे."

"नाही हो, खरी आई. ही बघा, इथे बसलीय."

"अण्णांबद्दल लोक वाईट बोलतात म्हणून तुम्ही असं म्हणताय, ते मला कळतं. पण इतिहासात आपल्याला भावनेला दूर ठेवावं लागतं. आणि पुस्तिका छापून झाली."

फोन बंद झाल्यावर हरिश्चंद्र रागाने लाल झाला होता. मला हसू आवरेना. मग तोही हसायला लागला. मालन विचारत होती काय झालं, काय झालं, आणि आम्हाला सांगता येईना. तिला आता सगळं सांगून टाकलंय. ती म्हणाली, "आई, त्या दिवशी मी तुम्हाला म्हटलं, तुम्हाला पेटीतलं काय कळतं." मी म्हटलं, "बरोबरच म्हणालीस, मला आतलं नाव वाचता आलं नाही."

समितीने दरवर्षी तुळसाबाई स्मृती पुरस्कार द्यायचं ठरवलंय. तो अण्णांच्या पत्नीच्या हस्ते द्यायचा. मी हो म्हणून कळवलं. स्वतःच्या स्मृतीचा कार्यक्रम कोणाला बघायला मिळतो? आणि ह्या वेळी नारळ हलवून घेणार.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज मालनच्या भजनी मंडळाची पेटी घरी आली. मालन म्हणाली, मंडळाच्या कपाटात जागा नाही. कपाट मी बघितलंय, त्यात बैल मावेल.

जेवायच्या आधी मी भाकऱ्या थापायला बसले. हल्ली मालन मला करू देत नाही, आज दिल्यान. ओटा सोडून खाली बसले, जुनी काठवट फळीला टेकवून. बाहेरच्या खोलीत आता टीव्ही आणि सोफा आहे, फळीला रंग लावलाय, पण फळी तीच.

पलीकडून सोफा सरकवल्याचा आवाज आला. मग कोणीतरी फळीला पाठ टेकली. फळी हलली, ते मला हाताला कळलं.

एक सूर वाजला. मग दुसरा, अडखळत. हरिश्चंद्र. पन्नास वर्षांत काडीची सुधारणा नाही.

माझा हात पिठात होता. समीक्षा दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं असेल, आजी आज गप्प बसेल. मलाही जरा तसं वाटलं. एवढा मोठा माणूस, एवढ्या वर्षांनी बसलाय. गप्प बसले असते तर त्याला वाटलं असतं, सूर लागला.

पण ह्यांचा सूर चुकलेला असताना मी बावीस वर्षांत एकदासुद्धा तशी गप्प बसले नाही.

एक थाप मारली.

पलीकडे पेटी थांबली. मग फळी हलायला लागली, थांबेना. मला वाटलं रडतोय. समीक्षा डोकावून आली आणि म्हणाली, "आजी, हसतायत."

त्याने बोट एक पट्टी वर नेलं. जास्त वर गेलं. दोन थापा. खाली आणलं. एक थाप. पुन्हा वर. मालन आतून म्हणाली, "आई, किती भाकऱ्या? माणसं चारच आहोत!" मी म्हटलं, पाहुणा आलाय.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. शेवटी एकदा त्याचं बोट बरोबर जागी पडलं, आणि त्याने ते उचललं नाही, तसंच धरून ठेवलं. मी हात काठवटीवरून काढून मांडीवर ठेवला.

तव्यावरची भाकरी करपली. ती हरिश्चंद्रालाच वाढली.